कथा सांगणारी चित्रं आणि शिल्पं एकाच दालनात: जोडी कशी लावावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन कलावंतांचं एकत्र प्रदर्शन भरवायचं आहे. चित्रकर्तीच्या कॅनव्हासवर माणसं आहेत, प्रसंग आहेत, सरळसरळ गोष्टी आहेत. शिल्पकाराच्या ब्राँझ, टेराकोटा आणि फायबरमधल्या आकृतीही काही सांगू पाहतात. एकूण 18 चित्रं आणि 11 शिल्पं, एकात एक उघडणाऱ्या तीन खोल्या. घर सोडणं, वाट पाहणं, परतणं हे विषय दोघांच्याही कामात येतात, म्हणून प्रत्येक शिल्प त्याच विषयाच्या चित्रासमोर ठेवायचा बेत आहे. मात्र शिल्पं चित्रांपुढची सजावट वाटतील अशी धास्ती आहे. शिवाय पेडेस्टलची, म्हणजे शिल्पाखालच्या चौथऱ्याची उंची, प्रकाश, भिंतीवरचा मजकूर आणि सगळ्यांना झाकोळून टाकणारा एक आठ फुटी कॅनव्हास, यांबद्दलही विचारलं आहे.

तुमची धास्ती खरी ठरेल, आणि ती ठरेल तुमच्या बेतामुळेच. मी अठ्ठावीस वर्षं प्रदर्शनांची मांडणी करतेय आणि चित्र-शिल्पांची एकत्र प्रदर्शनं ज्या एका कारणाने सर्वांत जास्त फसलेली पाहिली, ते कारण म्हणजे विषयावरून लावलेल्या जोड्या. वाट पाहणारी बाई चित्रात, वाट पाहणारी बाई शिल्पात. प्रेक्षक दोन्हीकडे एकेकदा बघतो, ‘हां, तेच’ म्हणतो आणि पुढे जातो. त्यातही चित्रात दार आहे, अंगण आहे, संध्याकाळचा उजेड आहे; शिल्पात फक्त बाई आहे. साहजिकच गोष्ट चित्राची ठरते आणि शिल्प तिचा नमुना होऊन बसतं.

याचं मूळ दोन माध्यमांच्या स्वभावात आहे. चित्रातला माणूस आपलं जग बरोबर घेऊन येतो. त्याच्या मागे भिंत असते, वर आभाळ असतं, शेजारी दुसरी माणसं असतात, आणि हे सगळं चौकटीत बंद असतं. आपण ते बाहेरून बघतो. शिल्पातल्या माणसाजवळ यातलं काही नसतं. त्याला उभं राहायला दालनाची फरशी लागते, त्याची सावली तुमच्या दिव्याने पडते, आणि त्याच्या आजूबाजूचं जग म्हणजे त्या क्षणी तिथे वावरणारे प्रेक्षक. चित्राचा काळ चित्रात असतो. शिल्पाचा काळ आपला असतो. जोडी लावताना हा फरक पुसायचा नाही, त्यावरच सगळी मांडणी उभी करायची.

रोममधल्या बोर्गेझे संग्रहालयात हे फार स्वच्छ दिसतं. तिथे एकाच इमारतीत बायबलमधल्या एकाच कथेची दोन कामं आहेत: तरुण डेव्हिड गोफणीच्या दगडाने गोलिएथ या महाकाय योद्ध्याला मारतो, ती कथा. बर्निनीचं संगमरवरी डेव्हिड हे शिल्प 1623-24 मधलं. डेव्हिड कमरेतून वळलाय, गोफण ताणलीय, ओठ घट्ट दाबलेत, पुढच्या क्षणी दगड सुटणार. दुसरं काराव्हाज्जोचं चित्र, साधारण 1610 चं: सगळं घडून गेलंय, काळोखातून पुढे आलेल्या तरुण डेव्हिडच्या हातात गोलिएथचं कापलेलं मुंडकं आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर विजय नाही, कळवळा आहे. त्या मुंडक्याला चित्रकाराने स्वतःचा चेहरा दिलाय असं मानलं जातं. आता बर्निनीच्या शिल्पात गोलिएथ कुठे आहे? कुठेच नाही. डेव्हिड ज्याच्याकडे बघतोय तिथे जाऊन उभं राहिलं की कळतं, ती जागा आपली आहे. चित्रात शत्रू चौकटीच्या आत आहे, शिल्पात तो दालनात आहे. ही दोन कामं वेगवेगळ्या खोल्यांत आहेत, आणि माझ्या मते तेच बरं आहे. पहिल्या खोलीत आपण ज्याच्या जागी उभे होतो, त्याचं मुंडकं पुढे कधीतरी चित्रात भेटतं. मधलं अंतर आपण चालत कापतो. कथा तिथे, त्या चालण्यात घडते.

म्हणून विषय जुळवायच्या आधी क्षण तपासा. प्रत्येक कथनात्मक कामात कलावंताने गोष्टीतला एक क्षण निवडलेला असतो. 1766 मध्ये लेसिंग या जर्मन लेखकाने लाओकून या प्राचीन शिल्पाच्या निमित्ताने हाच मुद्दा मांडला होता: स्थिर कलेला एकच क्षण मिळतो, म्हणून तो असा निवडावा की मागचं आणि पुढचं दोन्ही त्यातून उमगावं. डेव्हिडचीच कथा घ्या. मायकेलअँजेलोचा डेव्हिड (1501 ते 1504) लढाईच्या आधीचा, खांद्यावर गोफण टाकून समोर रोखून बघणारा. बर्निनीचा ऐन कृतीतला. दोनातेल्लोचा ब्राँझ डेव्हिड नंतरचा, पायाखाली मुंडकं असलेला. कथा एक, माणूस एक, पण तिघांना एका रांगेत ठेवलं तर तीन वेगळी वाक्यं होतील.

तुमच्या 29 कामांसाठी मी जे नेहमी करते ते करा. प्रत्येक कामाचा छोटा फोटो छापून घ्या आणि मागे दोन ओळी लिहा: या क्षणाच्या आधी काय घडलं असेल, आणि लगेच नंतर काय घडेल. कलावंतांना विचारू नका, निदान पहिल्या फेरीत नको. त्यांना आपल्या कामाचा इतिहास माहीत असतो, तो प्रेक्षकाला दिसत नसतो. तुम्हाला दिसतं तेवढंच लिहा. मग ही कार्डं जमिनीवर पसरा आणि एका कामाचं ‘नंतर’ दुसऱ्या कामाच्या ‘आधी’ला कुठे टेकतंय ते शोधा. बोचकं बांधणाऱ्या बाईचं चित्र असेल तर तिची जोड बोचकं घेतलेल्या शिल्पाशी लागणार नाही. ती लागेल रिकाम्या हातांनी बसलेल्या माणसाशी. का, ते प्रेक्षक स्वतः जुळवेल आणि प्रत्येकाचं जुळवणं वेगळं असेल.

एक चूक सांगते, कारण तुम्ही नेमके तिच्याच वाटेवर आहात. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. एका चित्रात म्हातारी उंबऱ्यात उभी राहून रस्त्याकडे बघत होती. शिल्पकाराकडे खांद्यावर पिशवी घेतलेल्या मुलाची ब्राँझ आकृती होती. मी ती चित्रासमोर साडेतीन मीटरवर, म्हातारीच्या नजरेच्या थेट रेषेत ठेवली. उद्घाटनाला सगळ्यांनी कौतुक केलं, आई आणि परतलेला मुलगा म्हणून फोटो काढले. शिल्पकार मात्र गप्प गप्प होता. त्याचा मुलगा परतत नव्हता. तो निघाला होता, आणि मागे वळून न बघता निघाला होता. पिशवीच्या पट्ट्यावर आवळलेली त्याची बोटं ते सांगत होती. मी त्या बोटांवर चित्रातली कथा लादली होती. दुसऱ्या दिवशी दालन उघडण्याआधी आम्ही ते शिल्प उचलून पुढच्या खोलीच्या दाराशी नेलं आणि म्हातारीकडे त्याची पाठ केली. आता चित्रासमोर उभं राहिलं की खांद्यावरून मागे पाहिल्यावरच, दाराच्या चौकटीत, दूर जाणारी ती पाठ दिसायची. बऱ्याच जणांना ती दिसलीही नाही. ज्यांना दिसली ते तिथे बराच वेळ थांबले. दोन्ही कामं तीच होती. शिल्प काही मीटर सरकलं होतं आणि त्याचं तोंड फिरलं होतं.

या प्रसंगातून माझ्यापुरते दोन नियम पक्के झाले. शिल्पाची नजर चित्राच्या आत घुसवायची नाही. शिल्प चित्राकडे बघू लागलं की ते आणखी एक प्रेक्षक बनतं. आणि शिल्पाची पाठ वाया घालवायची नाही. चित्राला पाठ नसते. चित्रातल्या माणसाच्या मागे जाऊन तो काय लपवतोय हे कधीच बघता येत नाही. शिल्पाच्या मागे जाता येतं, आणि चांगला शिल्पकार पाठीत, टाचांत, मागे धरलेल्या हातात अर्धी गोष्ट सांगतो. तुमच्या 11 शिल्पांपैकी किती शिल्पांची पाठ बोलते, ते आधी मोजा. त्यांना भिंतीला चिकटवू नका. उरलेल्यांना भिंत चालेल.

सगळ्या कामांच्या जोड्या लावायचीही गरज नाही. तुमच्या आकड्यांकडे पाहता तीन खोल्यांत मिळून चार, फार तर पाच खऱ्या जोड्या पुरेत. बाकीची कामं एकेकटी राहू द्या. प्रत्येक वळणावर जोडी दिसली की प्रेक्षक कोडी सोडवायला लागतो: याचं उत्तर ते, त्याचं उत्तर हे. मग तो काम बघत नाही, जुळणी बघतो. पहिल्या खोलीत तर मी एकही उघड जोडी ठेवणार नाही. तिथे दोन्ही कलावंतांच्या हातांची ओळख होऊ द्या. चित्रकर्ती माणसं कशी रचते, रंग कसा लावते. शिल्पकार मातीवरचा अंगठ्याचा दाब तसाच ठेवतो की घासून गुळगुळीत करतो. ही ओळख झाली की दुसऱ्या खोलीतली पहिली जोडी न सांगता कळते.

एकाच चौकटीत अनेक क्षण दाखवणारी चित्रं तुमच्याकडे असतील तर त्यांचा विचार वेगळा करावा लागेल. ही पद्धत फार जुनी आहे. भारहुतच्या प्राचीन स्तूपावरच्या वर्तुळाकार शिल्पपटात रुरु जातकातलं, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेतलं हरीण एकाच वर्तुळात पुन्हा पुन्हा येतं. फ्लॉरेन्सच्या ब्रांकाची चॅपलमध्ये मासाच्चोने 1420 च्या दशकात रंगवलेल्या कराच्या नाण्याच्या प्रसंगात ख्रिस्ताचा शिष्य पीटर तीनदा दिसतो: मध्ये ख्रिस्ताचा शब्द ऐकताना, डावीकडे माशाच्या तोंडातून नाणं काढताना, उजवीकडे ते वसुली करणाऱ्याच्या हातावर ठेवताना. अशा चित्रात नजर सतत फिरत असते. त्याच्याजवळ हालचालीने भरलेलं शिल्प ठेवलं तर दोन्ही एकमेकांचा श्वास कोंडतील. तिथे थांबलेली आकृती हवी. बसलेली, निजलेली, डोळे मिटलेली.

याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत देखणं उदाहरण अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात आहे. भिंतींवर जातककथा आहेत: राजे, राण्या, नाग, दरबार, निरोप, सगळी गजबज. गाभाऱ्याच्या वाटेच्या दोन्ही अंगांना पद्मपाणी आणि वज्रपाणी हे बोधिसत्त्व रंगवलेत, आणि मधून आत पाहिलं की दगडातला बुद्ध बसलाय, अगदी निश्चल. भिंतींवर पूर्वजन्मांच्या गोष्टी चालू आहेत आणि त्या सगळ्या गोष्टी जिथे येऊन थांबतात, तिथे चित्र संपून शिल्प सुरू होतं. माध्यम बदलणं हाच कथेतला मोठा टप्पा आहे. शिवाय तो बुद्ध एकदम समोर येत नाही. आधी खांबांमधून, मग रंगवलेल्या दोन आकृतींच्या मधून, मग अंधारातून, असा टप्प्याटप्प्याने येतो. तुमच्या तीन खोल्यांच्या दारांची रेषा एक असेल तर हेच करता येईल. शेवटच्या खोलीतली एखादी शांत आकृती पहिल्या खोलीतूनच लांबवर दिसू द्या. तिच्यापर्यंत पोचायला माणसाला सगळी चित्रं ओलांडून यावं लागेल.

आता आकाराबद्दल. चित्रातली आकृती आणि शिल्प एकाच मापाची असतील तर एका नजरेत ती येऊ देऊ नका. दोघं एकमेकांची नक्कल वाटतात, आणि हाताने चाचपता येईल असं शिल्प चित्राला पुठ्ठ्याचं करून टाकतं. माप खूप वेगळं असेल तर अडचण येत नाही. तीस-चाळीस सेंटिमीटरची छोटी ब्राँझ मात्र मोठ्या कॅनव्हाससमोर कधीही ठेवू नयेत, ती खेळण्यासारखी दिसतात. त्यांना स्वतःचा कोपरा, स्वतःची रिकामी भिंत आणि जवळ जाऊन वाकून बघायला जागा द्या. लहान शिल्पातही किती वजनदार दुःख मावतं याचं उदाहरण म्हणजे केथे कोलवित्झ या जर्मन कलावंतीणीचं मृत मुलाला कुशीत घेतलेल्या आईचं शिल्प, 1930 च्या दशकातलं. मूळ काम जेमतेम 38 सेंटिमीटर उंच आहे. 1993 मध्ये बर्लिनच्या नॉये वाखे स्मारकात त्याची मोठी प्रतिकृती बसवली, रिकाम्या दालनात, थेट जमिनीवर, छतातल्या गोल उघड्या झरोक्याखाली. ऊन, पाऊस, बर्फ सगळं तिच्या अंगावर पडतं. आजूबाजूला काहीही नाही, आणि नाही म्हणूनच ती आई सबंध दालनाला पुरून उरते. रिकामी जागा ही मांडणीतली सर्वांत महाग वस्तू आहे आणि नवा क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची रचना करणारा, तीच सर्वांत आधी भरून टाकतो.

पेडेस्टलबद्दल तुम्ही उंची विचारलीत. मी आधी विचारेन, पेडेस्टल हवंच का? पेडेस्टल म्हणजे शिल्पाची फ्रेम. ते आकृतीला आपल्या जगातून उचलून वेगळं करतं. कधी ते हवं असतं, विशेषतः छोट्या कामाला. पण कथा सांगणारी, जवळपास माणसाएवढी आकृती चौथऱ्यावर चढवली की ती पुतळा होते, आणि पुतळ्याकडे आपण गोष्ट ऐकायला जात नाही. रोदाँ या फ्रेंच शिल्पकाराने फ्रान्समधल्या कॅले शहरासाठी सहा नागरिकांचा समूह घडवला. 1347 च्या वेढ्यात गावासाठी मरायला निघालेली, गळ्यात दोर अडकवलेली माणसं. ती चौकातल्या फरशीवर, लोकांच्या बरोबरीने उभी असावीत अशी त्याची कल्पना होती. 1895 मध्ये अनावरण झालं तेव्हा ती उंच चौथऱ्यावर होती. ती खाली यायला 1924 साल उजाडलं. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी 1938 मध्ये सिमेंट काँक्रीटमधून उभं केलेलं संथाळ कुटुंब बघा. बाई, पुरुष, मुलं, सोबत कुत्रं, संसार उचलून निघालेले. ते दालनाबाहेर, चालत्या माणसांच्या वाटेजवळ आहे, म्हणून ते खरोखर चाललेलं वाटतं. स्थलांतर हा तुमचा विषय आहेच, तेव्हा हे शिल्प फोटोत का होईना, मांडणीआधी नीट न्याहाळा.

माझा साधारण हिशेब असा. सव्वा मीटरच्या वरची आकृती जमिनीवर किंवा पाच ते दहा सेंटिमीटरच्या पातळ पाटावर. तो पाट ‘इथवरच या’ एवढंच सांगतो. अर्ध्या मीटरच्या आतली शिल्पं 95 ते 110 सेंटिमीटर उंचीच्या पेडेस्टलवर, म्हणजे चेहरा उभ्या माणसाच्या नजरेच्या थोडा खाली येतो. मधल्या मापाची सर्वांत अवघड. त्यांच्यासाठी पुठ्ठ्याचे खोके वेगवेगळ्या उंचीचे करून प्रत्यक्ष बघण्याला पर्याय नाही. चित्रांचा मध्य 150 सेंटिमीटरच्या आसपास असतो. शिल्पाचा चेहरा आणि शेजारच्या चित्रातले चेहरे एका आडव्या रेषेत आले तर रांगेत उभं केल्यासारखं दिसतं, ते टाळा. फायबरची शिल्पं हलकी असतात, धक्क्याने कलंडतात. पेडेस्टल पोकळ असेल तर आत वाळूच्या पिशव्या भरा आणि शिल्प आतून बोल्टने कसा. आणि हे विसरू नका की दीड-दोन मीटर रुंद चित्र पूर्ण बघायला माणूस तीन मीटर मागे सरकतो, मागे न बघता सरकतो. त्या पट्ट्यात शिल्प नको. दोन कामांमधून किमान 120 सेंटिमीटरची वाट ठेवा, चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यालाही शिल्पाभोवती फिरता आलं पाहिजे.

प्रकाशावर सर्वांत जास्त भांडणं होतात, कारण दोन्ही माध्यमांना नेमकं उलट हवं असतं. चित्राला सपाट, एकसारखा, चमक न मारणारा प्रकाश लागतो. दिव्याचा झोत लंबरेषेपासून साधारण 30 अंशात धरला की कॅनव्हासवर चकाकी येत नाही आणि फ्रेमची सावली फार उतरत नाही. तैलचित्राला 200 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) पुढे जायचं नाही, कागदावरची किंवा जलरंगाची कामं असतील तर 50 च्या आसपास. शिल्पाला मात्र सपाट प्रकाश म्हणजे मरण. त्याला एका बाजूने ठळक आणि दुसऱ्या बाजूने मंद असा प्रकाश हवा, तरच गाल, बरगड्या, कपड्याच्या चुण्या उमटतात. पुन्हा अजिंठ्याची आठवण काढते. पहिल्या लेण्यातल्या त्याच बुद्धमूर्तीवर डावीकडून, उजवीकडून आणि समोरून आळीपाळीने प्रकाश टाकला की मुद्रा बदलल्यासारखी भासते. तिथले वाटाडे हे हौसेने दाखवतात. म्हणजे दिवा कुठून येतो यावर तुमच्या शिल्पाची गोष्ट ठरते. खालून मारलेला प्रकाश साध्या चेहऱ्यालाही भेसूर करतो. दिवा डोक्यावर थेट असेल तर डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात आणि प्रत्येक आकृती शोकाकुल दिसते. दिव्याची जागा शिल्पकाराला शेजारी उभं करून ठरवा.

ब्राँझ आणि दगडाला जास्त प्रकाश चालतो म्हणून तो ओतू नका. शेजारच्या चित्रापेक्षा शिल्प दुप्पट-तिप्पट उजळलं की चित्र मळकट दिसतं, कारण डोळा उजळ जागेला सरावतो. मी आधी चित्रांचा प्रकाश पक्का करते आणि त्याच्या आधाराने शिल्पांचा ठरवते. शिल्पाची सावली शेजारच्या कॅनव्हासवर पडत नाही ना, हे संध्याकाळी, खिडक्या झाकून तपासा. एखाद्या ठिकाणी ती सावली मुद्दाम रिकाम्या भिंतीवर पाडता येईल. एकट्या आकृतीची लांब सावली ही तिला मिळालेली दुसऱ्या माणसाची सोबत असते. पण हे प्रदर्शनात एकदाच करा. काच लावलेली चित्रं असतील तर काचेत समोरचं शिल्प दिसतं, तेव्हा त्यांना शिल्पांच्या समोरची भिंत देऊ नका.

भिंतीचा रंग: पांढरी भिंत सवयीची आहे, पण पांढरट प्लास्टर किंवा फिकट टेराकोटा तिच्यासमोर विरघळतो, आणि काळपट ब्राँझ नुसता काळा आकार होऊन बसतो. मधल्या छटेचा उबदार राखाडी बहुतेक वेळा दोघांनाही सांभाळतो. रंगाचे दोन-दोन फुटांचे नमुने लावून त्यापुढे एकेक शिल्प आणि एकेक चित्र प्रत्यक्ष धरून बघा.

कामं लावण्याच्या क्रमाने बरेच अपघात टळतात. जड शिल्पं आधी आत येतील आणि जागेवर जाऊन झाकली जातील, चित्रं त्यानंतर भिंतीवर चढतील. टांगलेल्या कॅनव्हासजवळून ट्रॉली न्यायची वेळ येता कामा नये. आणि शिल्पाच्या बरोब्बर वरचे दिवे फिरवायला शिडी लागते, शिल्प तिथे असताना शिडीला जागा उरत नाही. म्हणून शिल्पाच्या उंचीचा खोका त्या जागी ठेवून दिव्यांचा पहिला अंदाज आधीच घ्या.

मजकुराचं बोलायचं तर माझं मत ठाम आहे: भिंतीवर गोष्ट सांगू नका. कथनात्मक काम म्हटलं की आयोजकांचा हात लिहायला शिवशिवतो. प्रेक्षक आधी मजकूर वाचतो, मग चित्रात तो मजकूर शोधतो आणि सापडला की समाधानाने पुढे जातो. शीर्षक, साल, माध्यम, माप एवढं पुरे. शीर्षकच केवढं काम करतं बघा. गणपतराव म्हात्रे यांनी जे. जे. कला महाविद्यालयात विद्यार्थी असताना, 1896 च्या सुमाराला केलेलं तरुणीचं प्लास्टर शिल्प. तिच्याजवळ देऊळ नाही, वाट नाही, पायऱ्या नाहीत. ‘मंदिरपथगामिनी’ या एका शब्दाने ते सगळं तिच्याभोवती उभं राहतं. तुमच्या शिल्पकाराची शीर्षकं जर ‘आकृती 4’, ‘आकृती 7’ अशी असतील तर त्याच्याशी आताच बोला. गोष्ट सांगणाऱ्या आकृतीला आकडा देऊन चित्रांच्या बोलक्या शीर्षकांशेजारी ठेवलं की ती मुकी पडते. जोडीतल्या दोन कामांची माहिती एका पाटीवर कधीही लिहू नका. पाटी एक झाली की काम एक झालं. शिल्पाची पाटी पेडेस्टलवर न चिकटवता जवळच्या भिंतीवर लावा. पेडेस्टलवरची पाटी वाचायला माणूस वाकतो आणि त्याला शिल्पाचा फक्त पाया दिसतो. दोघांबद्दलचा प्रास्ताविक मजकूर पहिल्या खोलीत न लावता बाहेर पडायच्या वाटेवर लावून पाहा. वाचून मागे फिरणारे लोक तुम्हाला दिसतील, आणि ते दुसऱ्यांदा अधिक सावकाश बघतात.

राहिला आठ फुटी कॅनव्हास. त्याला जोडी नको. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून त्यात तेवीस-चोवीस माणसं आहेत, एका फलाटावर, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. इतक्या लोकांत शिल्पातला आणखी एक माणूस मिसळायची गरज नाही. तो कॅनव्हास तिसऱ्या खोलीच्या आतल्या भिंतीवर एकटा लावा. समोर चार मीटरवर पाठ नसलेला एक साधा लाकडी बाक ठेवा. तो बाक इतका रुंद हवा की दोन अनोळखी माणसं एकमेकांना न खेटता बसू शकतील. दारांच्या रेषेत दिसणारी ती शांत आकृती याच खोलीत असेल तर ती बाकाच्या मागे, खोलीच्या तोंडाशी, भिंतीपासून सुटी ठेवा. येणारा माणूस आधी तिच्याजवळ पोचेल, तिला वळसा घालून पुढे येईल आणि बाकावर बसेल. मग समोर फलाटावरची गर्दी, पाठीमागे ती आकृती, आणि मध्ये तो स्वतः.